काचेचा खलबत्ता आणि वीस फेऱ्या

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. ते इतके लहान आहे, की तुमच्या करंगळीच्या नखावर अशी हजारो स्वयंपाकघरे मावतील. आत आचारी कामात गढून गेले आहेत. भांडी आहेत, शेगडी पेटलेली आहे, एका बंद कपाटात पाककृतींचे जाडजूड पुस्तक आहे. पानामागून पान निघते आणि पदार्थामागून पदार्थ तयार होतो. आता समजा, तुम्हाला या आचाऱ्यांकडून एखादा वेगळाच पदार्थ करून हवा आहे, पण घराला दारच नाही. चारी बाजूंनी भिंतच भिंत. मग काय कराल?

बरोबर, भिंत पाडाल. पण कशी? हातोडा घातलात तर भिंतीबरोबर भांडी फुटतील, आचारी जायबंदी होतील, पाककृतींचे कपाट कोसळेल आणि कचऱ्याची पेटी उलटून सगळ्याची घाण होईल. भिंत तेवढी पडली पाहिजे आणि आचाऱ्याच्या टोपीलाही धक्का लागता कामा नये. हेच नाजूक काम करण्यात माझे आयुष्य गेले.

आता डोळे उघडा. अशी स्वयंपाकघरे तुमच्या अंगात कोट्यवधी आहेत. त्यांना पेशी म्हणतात, आणि तिथे शिजणारे पदार्थ म्हणजे प्रथिने. तुमचे केस, तुमचे स्नायू, रक्ताचा लाल रंग ही सगळी त्या आचाऱ्यांचीच करामत. आणि पेशीचे पातळ आवरण अलगद फाडणारा गडी तो मी. कागदोपत्री माझे नाव होमोजनायझर आहे, पण ते घेताना जिभेला गाठ बसते. म्हणून ज्याने मला हातात घेतले त्याने मला काचेचा खलबत्ताच म्हटले. मी आता जुना झालो आहे, अंगावर दोन चरे आहेत, पण अजून मोडीत निघालेलो नाही. का निघालो नाही, तेच सांगायला बसलो आहे.

माझा जन्म काचकाम करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. दुकान कसले, एक लांबट खोली. एका टोकाला निळी ज्योत फुरफुरायची आणि दुसऱ्या टोकाला कारागिराची बायको खोक्यांत कापूस भरत बसायची. कारागिराच्या नाकाच्या शेंड्यावर दोन गोष्टी कायम असायच्या, एक चष्मा आणि दुसरा राग. त्याने एक जाड काचेची नळी ज्योतीत धरून तिचा तळ गोल केला, तो झाला माझा खल. मग एका लांब कांडीच्या टोकाला काचेचा गोळा आणला, तो झाला माझा बत्ता.

पण खरे काम पुढेच होते. घरातल्या खलबत्त्यासारखी ठोकाठोक मला करायची नव्हती. माझा बत्ता खलात वर-खाली सरकायला हवा आणि दोघांच्या मध्ये केसापेक्षा बारीक फट राहायला हवी. पेशी त्या फटीतून अंग चोरून जाते आणि तेवढ्यात तिचे आवरण फाटते. फट मोठी झाली तर पेशी हसतखेळत निसटते, लहान झाली तर चिरडते. कारागीर पाच दिवस बारीक पूड आणि पाणी लावून आम्हा दोघांना एकमेकांवर घासत होता. सहाव्या दिवशी त्याने खलात पाणी भरले आणि बत्ता वरून सोडून दिला. बत्ता स्वतःच्या वजनाने सावकाश खाली उतरला. तेवढ्या वेळात कारागिराने चष्मा पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि "जमलं" म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेला कौतुकाचा शब्द तो एवढाच.

मग त्याने खलावर आणि बत्त्यावर सतरा हा आकडा कोरला आणि बायकोला खोक्यात चिठ्ठी टाकायला सांगितले. "लिही, सतराचा बत्ता अठराच्या खलात घालणार असाल तर आमच्या दुकानाचं नाव कुणाला सांगू नका." बायकोने लिहिले खरे, पण लिहिता लिहिता म्हणाली, की मागच्या खेपेला असेच लिहायला लावलेत आणि ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकले नाही.

माझे खोके प्रयोगशाळेत ज्यांनी उघडले ते आप्पा. ते तिथले सहायक होते. नावापुढे लावायला पदवी नव्हती, पण हात असा होता की पदवीवाले त्यांच्या मागे टाचा उंचावून उभे राहायचे. एकदा परगावाहून आलेल्या एका प्राध्यापकांनी आप्पांचा हात आपल्या हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. आप्पा म्हणाले, "साहेब, आत काही लपवलेलं नाही."

आमचा दिवस ठरलेला असे. उबदार कपाटात, गुलाबी पाण्याच्या चंबूंत माणसाच्या पेशी वाढत. आप्पा त्या गोळा करत, धूत आणि पातळ खारट पाण्यात थोडा वेळ ठेवत. तिथे त्या भिजवलेल्या वाटाण्यांसारख्या टम्म फुगत. मग त्यांना माझ्यात ओतायचे. मी गळ्यापर्यंत बर्फात बसलेला. आप्पा बत्ता खाली नेत, वर आणत, खाली नेत, वर आणत. खाली जाताना घाई नाही, वर येताना तर मुळीच नाही. बत्ता झटक्याने वर ओढला की खाली पोकळी होते आणि फेस येतो. फेस हा साबणाला शोभतो, असे आप्पांचे मत होते. ते ओठ हलवत मोजत, पण आवाज बाहेर येऊ देत नसत. एका विशिष्ट क्षणी ओठ थांबत आणि हातही थांबे.

पुढे ते मिश्रण गरगर फिरणाऱ्या यंत्रात जाई. फुटलेली आवरणे आणि न फुटलेली कपाटे तळाला बसत आणि वर फिकट पिवळे, नितळ पाणी राही. तोच आमचा अर्क. म्हणजे काय, तर घर गेले आणि आचारी राहिले, तेही भांड्यांसकट. त्या अर्कात आपल्याला हवी ती पाककृती टाकायची, थोडे इंधन टाकायचे आणि नळी उबेला ठेवायची. तासा-दोन तासांत बिनघराचे आचारी पदार्थ तयार करून मोकळे.

तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशाला? त्याचे असे आहे, की काही पदार्थ घरात करायला घेतले तर घरच जळून जाते. काही प्रथिने अशी असतात की ती बनू लागताच पेशी मरते. घरच नसेल तर जळणार काय? जिवाणूंचाही असा अर्क निघतो आणि त्यांचे आचारी फार चपळ असतात. पण माणसाचे लांबलचक प्रथिन त्यांना दिले की बरेचदा त्याची घडी चुकते, आणि घडी चुकलेले प्रथिन म्हणजे उलटा शिवलेला सदरा. आमचे आचारी घडी नीट घालत. फक्त ते मंद होते आणि त्यांचा हात आखडता होता. नळीभर अर्कातून मुंगीच्या डोळ्याएवढे प्रथिन मिळायचे. ते वाढवायचे कसे, याचाच विचार प्रयोगशाळेत सगळे करत.

वर्षे गेली. आप्पा निवृत्त झाले. त्यांनी आपली वही प्रमुख बाईंच्या टेबलावर ठेवली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी मावशी कामावर रुजू झाली.

ती काही माझी मावशी नव्हे. पण पुढे या गोष्टीत एक मुलगी येणार आहे, ती तिला मावशी म्हणते, आणि त्या मुलीपुढे कोणाचे काही चालत नाही. तेव्हा आपणही मावशीच म्हणू.

मावशी हुशार होती आणि भारी नीटनेटकी होती. आप्पांचे अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. तिने एक संपूर्ण दिवस बसून वही वाचली, सगळी कृती सुबक छापून काढली आणि जिथे जिथे तिला मोघम वाटले तिथे स्वतःचे दोन शब्द घालून नेमके केले. तिचा हेतू चांगलाच होता. पण मित्रांनो, पाणी मुरले ते तिथेच.

तिच्या डोक्यात एक सुरेख कल्पना होती. ती म्हणे, आपले आचारी आळशी नाहीत, घाबरलेले आहेत. पेशी फोडताना आत भोंगा वाजतो. भोंगा वाजला की काम सुरू करून देणाऱ्या मुकादमावर एक शिक्का बसतो, "काम बंद." शिक्का बसलेला मुकादम हलत नाही आणि आचारी हातावर हात ठेवून बसतात. तिने एक छोटेसे प्रथिन तयार केले होते, ते शिक्का पुसून टाकणारे. अर्कात ते घातले की आचारी पूर्ण जोमाने कामाला लागतील, असा तिचा अंदाज होता.

पण अर्कच बिघडू लागला. नितळ पाण्याऐवजी डिंकासारखा चिकट, तारा सुटणारा लगदा निघू लागला. त्यात शिक्का पुसणारे घाला नाहीतर आणखी काही घाला, प्रथिन बनेचना. मावशीने सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर आवरणे फाटली होतीच, शिवाय आतली पाककृतींची कपाटेही फुटली होती. त्यातली लांबच लांब पाने म्हणजे त्या तारा. कचऱ्याच्या पेट्याही फुटल्या होत्या, आणि त्यातला मालमसाला आचाऱ्यांनाच खात सुटला होता. मावशीला वाटले, पेशीच नाजूक निघाल्या. तिने नव्या पेशी आणल्या. तरी तेच. मग तिला वाटले, खलबत्ता झिजला. नवी कोरी जोडी मागवली. तरी तेच.

मी मात्र सर्वांत खालच्या खणात जाऊन पडलो. सोबतीला सुकलेली पेने, बंद पडलेले घड्याळ आणि एक एकटा हातमोजा. मला काही मोजता येत नाही, मी शाळेत गेलेलो नाही. पण खणात जाण्याआधी माझ्या अंगाला एक गोष्ट कळली होती. आप्पांच्या हाती असताना भोवतीचा बर्फ काम संपेपर्यंत टणक असायचा. मावशीच्या हाती त्याचे निम्मे पाणी व्हायचे. हे कोणाला सांगणार? काचेला तोंड असते, पण ते ओतण्यापुरते.

मावशीने आप्पांना फोनही केला. ते तेव्हा दूर धाकट्या मुलाकडे राहायला गेले होते. बत्ता किती फेऱ्या चालवायचा, असे तिने विचारले. आप्पा म्हणाले, वीस. महिन्याभराने तिने पुन्हा फोन करून विचारले. आप्पा म्हणाले, वीस म्हणजे वीस, एकोणीस नाही आणि एकवीस नाही. मावशीने छापील कागद पाहिला. तिथेही वीसच होते. तिने नि:श्वास टाकला.

सहा महिने असे गेल्यावर प्रमुख बाई तिच्या टेबलापाशी आल्या. मी खणात होतो आणि खण अर्धवट उघडा होता, म्हणून सगळे ऐकू आले. रुग्णालयातले एक डॉक्टर एका प्रथिनाची वाट पाहत होते. काही मुलांचे स्नायू हळूहळू दुबळे होत होते. त्यांच्या रक्तातच त्या प्रथिनाशी भांडणारे काही आहे का, हे डॉक्टरांना तपासायचे होते. ते प्रथिन जिवंत पेशीत बनवायला गेले की पेशी मरते आणि जिवाणूंच्या अर्कात त्याची घडी चुकते. म्हणजे सगळी मदार आमच्यावर. बाई कठोर नव्हत्या, पण शब्दांची उधळपट्टी करत नसत. त्यांनी सांगितले, की डॉक्टरांना किती दिवस थांबवायचे? या महिनाअखेरपर्यंत अर्क निघाला तर ठीक, नाहीतर हे काम बंद करायचे, हे टेबल दुसऱ्या गटाला द्यायचे. महिना संपायला आठ दिवस होते.

शनिवारी संध्याकाळी मावशीने खण उघडला आणि मला बाहेर काढले. आप्पा मुलाकडून घरी परतल्याचे तिला कळले होते. तिने मला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवले आणि रविवारी सकाळी ती बसमध्ये बसली. शेजारी तिची भाची.

भाचीला घरात सगळे वकील म्हणत. वय वर्षे दहा. दात घासायला सांगितले तर आधी कोणते, असे विचारणारी. तिची आई म्हणे, हिला नुसते "लवकर ये" म्हणून भागत नाही, घड्याळात काटा दाखवावा लागतो. बसमध्ये मी तिच्या मांडीवर होतो. मावशीने तिला स्वयंपाकघराची ती सगळी गोष्ट सांगितली, जी मी तुम्हाला सांगितली. वकिलाने खोक्याचे झाकण किलकिले करून मला पाहिले आणि विचारले, "हा बिघडलाय की तू?"

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेच विचारायला चाललोय."

आप्पांचे घर दुसऱ्या मजल्यावर, खाली सायकलदुरुस्तीचे दुकान. दार थोरल्या सुनेने उघडले. म्हणाली, बरे झाले आलात, सकाळपासून चांगल्या चालणाऱ्या स्टुलाची दुरुस्ती चालू आहे. आप्पा खरोखरच स्टूल उलटे करून बसले होते. त्यांनी मला हातात घेतले, अंगठा आकड्यावरून फिरवला.

"सतरा. काय रे, ओळखलंस का?"

मग त्यांनी खलात पाणी भरले, बत्ता वरून सोडला आणि तो उतरेपर्यंत डोळे बारीक करून पाहिले. मी झिजलेलो नाही, असा निकाल दिला. मावशी म्हणाली, की तुम्ही कसे करता ते एकदा दाखवा, नुसते बघते. सुनेने पातेल्यात बर्फ आणला. आप्पांनी मला त्यात गळ्यापर्यंत बसवले, बाह्या सारल्या आणि ताठ बसले. नेहमीसारखे त्यांचे ओठ हलू लागले, तेव्हा मावशीने विनंती केली, की आप्पा, मोठ्याने मोजा.

"एक," आप्पा म्हणाले. बत्ता खाली गेला.

"दोन." बत्ता वर आला.

किती दिवसांनी तो हात! मला तर आपण पुन्हा तरुण झालो असे वाटले. बत्ता जात होता, येत होता, पाण्यावर फेसाचा ठिपका नव्हता. आप्पा वीस म्हणाले आणि थांबले. बर्फाचा खडासुद्धा विरघळला नव्हता. मावशी मान हलवत होती, वहीत आप्पांच्या मनगटाचा कोन लिहून घेत होती. वकील मात्र आपल्या बोटांकडे बघत होती.

"आप्पा, हे दहाच झाले," ती म्हणाली.

मावशीने तिला डोळे मोठे करून दाखवले. आप्पांनी चष्म्यावरून पाहिले.

"वीस झाले. मी तीस वर्षं मोजतोय. तू किती वर्षं मोजतेयस?"

"पाच. पण बरोबर मोजतेय. झोका पुढे गेला आणि परत आला की एक होतो. पुढचा एक आणि मागचा दुसरा असं मोजलं तर मैत्रिणी मला झोक्यावरून उतरवतील."

"झोक्याचं मला सांगू नकोस. माझा बाप नावाडी होता. नाव पलीकडे गेली की एक फेरी, अलीकडे आली की दुसरी."

"पण जाऊन येऊन मिळून एक फेरी असते."

"का म्हणून? येताना माणसं काय पोहत यायची?"

सूनबाई फिसकन हसली. वकिलाने मान डोलावली, कारण मुद्दा बिनतोड होता. आणि तेवढ्यात मावशीच्या हातातले पेन खाली पडले.

तिने पिशवीतून तो सुबक छापलेला कागद काढला. सातवी ओळ. वीस फेऱ्या, आणि त्यापुढे तिने स्वतः, नेमकेपणासाठी घातलेले शब्द: खाली-वर मिळून एक. तिने कागद आप्पांसमोर ठेवला. आप्पांनी तो वाचला, पुन्हा वाचला. आतापर्यंत ते तिला मॅडम म्हणत होते, ते एकदम विसरले.

"अगं पोरी, म्हणजे तू चाळीस मारल्यास?"

"चाळीस, आप्पा. सहा महिने."

"भुगा झाला असेल गं त्यांचा."

मावशी हसू लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि ते कशाचे हे तिलाही सांगता आले नसते. मग ती जराशी रुसून म्हणाली, की मी दोनदा फोन करून विचारले होते. आप्पांनी स्टूल सरळ केले, त्यावर बसले आणि हळू आवाजात उत्तर दिले.

"तू किती ते विचारलंस, मी किती ते सांगितलं. फेरी म्हणजे काय, हे तू विचारलं नाहीस. आणि मला वाटत होतं, ते सगळ्या जगाला माहीत आहे."

सोमवारी मी पुन्हा माझ्या जागेवर होतो, गळ्यापर्यंत बर्फात. टम्म फुगलेल्या पेशी माझ्यात ओतल्या गेल्या. मावशीचा हात आप्पांसारखा संथ चालू लागला. खाली एक, वर दोन. ती मोठ्याने मोजत होती. वीस म्हटले आणि तिने हात मागे घेतला, जणू मी तापलेला तवा होतो. यंत्रातून नळी बाहेर आली तेव्हा वरचे पाणी फिकट पिवळे होते आणि नितळ होते. एकही तार नव्हती.

तरी हायसे वाटायला वेळ होता. अर्क दिसायला चांगला आहे, पण शिजवतो का? त्यासाठी एक चाचणी असते. चमकणाऱ्या प्रथिनाची पाककृती अर्कात घालायची आणि किती उजेड पडतो ते यंत्राने मोजायचे. आप्पांच्या काळातला सर्वांत चांगला आकडा नव्वद होता, तो भिंतीवर अजून चिकटवलेला होता. गेल्या सहा महिन्यांत मावशीचा आकडा कधी तीन, कधी पाच. तिने दोन नळ्या लावल्या, एक साध्या अर्काची आणि दुसरी शिक्का पुसणारे प्रथिन घातलेली. दोन तास ती खुर्चीवरून उठली नाही. पहिल्या नळीचा आकडा आला अठ्ठ्याऐंशी. दुसरीचा आला दोनशे चौसष्ट.

तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि पुन्हा मोजले. दोनशे एकसष्ट. म्हणजे तिचा अंदाज पहिल्या दिवसापासून बरोबर होता. आचारी खरेच घाबरलेले होते, आणि शिक्का पुसताच तिप्पट वेगाने कामाला लागले होते. फक्त सहा महिने ते गुण दाखवायला जिवंतच उरत नव्हते.

मावशीने कागद उचलला आणि प्रमुख बाईंना टेबलापाशी बोलावून आणले. तिने आकडा नंतर सांगितला, आधी चूक सांगितली. आप्पांची वही बरोबर होती, फेरीचा अर्थ मी माझ्या मनाने लावला, असे म्हणाली. बाईंनी कागद पाहिला. मग म्हणाल्या, "थोडक्यात, आपण सहा महिने दुप्पट मेहनत करून काम बिघडवत होतो." आणि आम्ही त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिले. शुक्रवारी डॉक्टरांच्या प्रथिनाची नळी बर्फाच्या डब्यात घालून रुग्णालयात रवाना झाली. घडी नीट होती. टेबल कोणीही हलवले नाही. मलाही कोणी पुन्हा खणात ठेवले नाही. मी आता वरच्या फळीवर असतो आणि माझी कोरी जोडीदारीण माझ्या शेजारी. ती थोडी आगाऊ आहे, पण शिकेल.

मित्रांनो, मी साधी काच आहे. मला काय हवे असते? काम झाले की धुवून, सुकवून ठेवावे, माझा बत्ता दुसऱ्याच्या खलात घालू नये आणि बिघाड झाला की आधी मला दोष देऊ नये. हातातल्या वस्तूंना असे जपा, त्या तुम्हाला पिढ्यान्पिढ्या साथ देतील. पण शब्दांनाही तसेच जपा. एकच शब्द दोन माणसांच्या मनात दोन प्रकारे बसलेला असतो आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो. शंका आली तर विचारा. शंका नाही आली तर एकदा जास्तच विचारा. मोठी माणसे क्वचित चिडतील, पण सांगतील. त्यांनाही वाटत असते, की हे सगळ्या जगाला माहीत आहे.

पुढच्या आठवड्यात प्रमुख बाईंनी आप्पांना बोलावून घेतले. वहीतली सगळी कृती पहिल्या ओळीपासून नव्याने लिहायची होती, आणि बाईंनी आग्रहाने सांगितले होते, की लिहिताना त्या वकीलबाई हजर पाहिजेत. म्हणून शाळा सुटल्यावर वकील प्रमुख बाईंच्या खोलीत आली. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला आप्पा आणि मावशी, दुसऱ्या बाजूला ती, टोकाला बाई. मधोमध मी, कारण माझी मापेही लिहायची होती. वकिलाने नवी वही उघडली, तारीख घातली आणि आप्पांच्या मुंग्यांमधून पहिली ओळ शोधून वाचली. पेशी हलक्या हाताने धुवाव्यात.

तिने लिहायला सुरुवात केली नाही. पेन टेबलावर ठेवले.

"आप्पा, हलका हात म्हणजे किती हलका?"

आप्पांनी हवेतच हात हळूच हलवून दाखवला. त्यांनी मावशीकडे पाहिले, मावशीने बाईंकडे पाहिले. हे वहीत कसे उतरवायचे?

तेव्हा वकिलाने बाही कोपरापर्यंत सारली, आपला उताणा तळहात टेबलावरून आप्पांच्या समोर सरकवला आणि डोळे मिटून घेतले.

"माझ्या हातावर करून दाखवा," ती म्हणाली.